बाळाला उशी नाही

लहान मुलांना हाताशी घेऊन नाताळचा फराळ करावा, असं ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, त्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात आणून उभा करा. चोवीस डिसेंबरची सकाळ. ओट्यावर पीठ, ओट्याखाली पीठ, तोमेच्या कानात पीठ. तोमे चार वर्षांचा. त्याला गप्प बसवायला मी पिठाचा एक गोळा दिला होता, तर तो त्याने आधी लाटला आणि मग त्याच्यावर बसला. आणि सहा वर्षांची इर्मा दारात हाताची घडी घालून उभी. मान तिरकी, अगदी सासूबाईंसारखी.

"आई, यंदा तरी बाळाला उशी आहे का?"

"नाहीये."

"मागच्या वर्षी पण नव्हती."

"नव्हती."

"मग त्याची मान अवघडत असेल."

"इर्मा, तो देव आहे. देवाची मान अवघडत नाही. तू बदाम सोल बघू."

"पण गादी आहे, चादर आहे, आणि उशीच नाही. असं कोण झोपतं?"

मी लाटणं आपटलं. काय सांगणार होते मी तिला? गेले कित्येक दिवस हा एकच प्रश्न. अंघोळ घालताना तोच, शाळेच्या वाटेवर तोच. आणि ज्या दोन बायांनी तिला उत्तर द्यायला हवं, त्या दोघी तोंडाला कुलूप लावून बसलेल्या.

आमच्या मकावात नाताळला बाळ येशूचं अंथरूण गोडाचं असतं. चिकट तांदळाचं पीठ, खोबरं, बदाम आणि चिलगोजे घालून हात भरून येईपर्यंत ढवळलेली जाड वडी, ती त्याची गादी. कागदासारखी पातळ पोळी तेलात सोडायची, काड्यांनी तिला चुण्या पाडायच्या आणि वरून पाक घालायचा, ती चादर. आणि खोबरं, मध, मिरेपूड भरून भाजलेली छोटी चौकोनी करंजी म्हणा हवं तर, ती उशी. मी चिनी घरातली, इथून दोन गल्ल्या पलीकडची. लहानपणी हे सगळं शेजारच्यांच्या ताटातून आयतं खाल्लेलं. लग्न करून या पोर्तुगीज वळणाच्या घरात आल्यावर कळलं की खाणं वेगळं आणि करणं वेगळं.

कारण या घरात कोणी काय करायचं ते ठरलेलं. गादी सासूबाईंची, एर्मिनियाबाईंची. चादर सुनेची, म्हणजे माझी. आणि उशी लेकीची, नातेर्सियाताईंची. चोवीस तारखेला सकाळी या घरातून लाकडी ताट कपड्याखाली झाकून रिकामं ताईंकडे जायचं आणि उशांनी भरून परत यायचं. मग तिन्ही वस्तू गोठ्यातल्या बाळापुढे मांडायच्या आणि ताई संध्याकाळी जेवायला यायच्या. पहिली काही वर्षं ते ताट मीच नेलं. सासरे गेले, आणि त्या वर्षापासून ताट कपाटावर चढून बसलं.

पहिल्या वर्षी ठीक होतं. घरात दुखवटा. गोडधोड नाहीच. पण पुढच्या वर्षी मी ताट पुसून हातात घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ठेव ते."

"आई, उशी आणायची ना?"

"दुखवटा संपला की पहिलं गोड बाहेरून घरात येतं. घरातून ताट बाहेर जात नाही. आणायचं तर तिने आणावं."

ताईंनी आणलं नाही. सासूबाईंनी ताट पाठवलं नाही. झालं! त्यानंतर ना येणं ना जाणं, ना वाढदिवस ना फोन. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. मी एकदा दुकानातून उशा आणल्या, तर सासूबाईंनी डबा उघडून न बघता खालच्या रखवालदाराला देऊन टाकला. "बाळाच्या डोक्याखाली दुकानातला माल?" म्हटलं, मग मी करते. तर म्हणे, "तू चादर कर. चादर तरी नीट कर." नऊ वर्षं चादर करतेय मी. एकदाही नीट झालेली नाही म्हणे.

आणि माझा नवरा. अमादेउ. आई आणि बहीण, दोघी त्याच्याच, पण विचारलं की दोन्ही हात वर. "फाँग, मला त्यांच्यात पाडू नकोस." असं म्हणून तो दर वर्षी झाडावरच्या दिव्यांची माळ सोडवायला बसतो. ती माळ काही सुटत नाही.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं तरी मी दात-ओठ खात चादरी तळत राहिले असते. पण यंदा मिस्सा सुटल्यावर दारात बायका बोलत होत्या, आणि सासूबाईंनी ते ऐकलं. नातेर्सियाताई चालल्या. मुलाकडे, पोर्तुगालला, कायमच्या. घर विकायला काढलंय, सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या सणाआधीचं विमान आहे. लेकीची ही बातमी आईला चर्चच्या पायरीवर कळली. सासूबाई "जाऊ दे" एवढंच म्हणाल्या आणि घरी येऊन भांडी घासायला लागल्या, घासलेलीच.

सासूबाई एक्याऐंशीच्या. त्यांना विमानात बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. म्हणजे हिशेब सरळ होता. या नाताळला या दोघी एका टेबलाशी बसल्या नाहीत, तर या जन्मात पुन्हा बसणार नव्हत्या. हे अमादेउला कळत होतं, मला कळत होतं, सासूबाईंना तर आमच्याहून जास्त कळत होतं. पण बोलायचं कोणी?

तर त्या सकाळी. सासूबाई कढईपाशी उभ्या राहिल्या, गादी ढवळायला. पिठात खोबरं पडलं, बदाम पडले, आणि त्यांनी फळीवर हात घातला.

"चिलगोजे कुठायत?"

"तिथेच आहेत, आई. बरणीत."

"बरणी रिकामी आहे."

मी वळून तोमेकडे बघितलं. सासूबाईंनी तोमेकडे बघितलं. या घरात काही नाहीसं झालं की आधी तोमेचं तोंड उघडून बघायचं असतं.

"मी नाही खाल्ले!" तोमे ओरडला. "मी फक्त मध खाल्ला!"

"मध?" मी मधाची बाटली उचलली. तळाला चिकटलेलं तेवढं शिल्लक. "अरे राक्षसा! एवढा मध एकट्याने खाल्लास? आता तुझ्या पोटात काय होईल माहितेय? चल, जीभ दाखव."

तोमेने भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "मुलांना स्वयंपाकघरात घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं मी." त्यांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. उलट "पोरांचा हात लागला पाहिजे" म्हणून त्यांनीच दोघांना उठवलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात इर्मा आत पळाली आणि पलंगाखालून काहीतरी घेऊन आली.

आमच्याकडे मुलांनी द्यायच्या भेटी विकतच्या चालत नाहीत. हाताने करायच्या. म्हणून आठवडाभर घरातली कात्री हरवत होती, डिंक सांडत होता, आणि मी "नाताळ आहे, नाताळ आहे" म्हणत गिळत होते. आता इर्माच्या हातात ती भेट होती. अमादेउचा नवाकोरा पांढरा मोजा. ठासून भरलेला, तोंड माझ्या लाल दोऱ्याने शिवलेलं, आणि मोज्यातून मध टपटप गळत होता.

"चिलगोजे याच्यात आहेत," ती म्हणाली. "तोमेने नाही घेतले. मी घेतले. ही बाळाची उशी आहे. उद्या देणार होते."

मला हसावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना. पलंगाखाली मुंग्यांची रांग लागली असणार, ते डोळ्यांपुढे आलं. मी हात उचललाही होता. पण सासूबाईंनी पळी ठेवली आणि तो मोजा हातात घेतला. दाबून बघितला.

"मिरेपूड घातलीस?"

"हो. बाबा म्हणाले, आत्या घालते."

सासूबाईंनी मोजा ओट्यावर ठेवला. हात धुतले. आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कढईत गादी, खाली जाळ. ढवळायचं थांबलं की तळाला लागतं. माझ्या दुसऱ्या शेगडीवर चादरींचं तेल तापलेलं. तोमे रडतोय. इर्मा विचारतेय, "आजीला आवडली नाही का?" आणि बाहेरच्या खोलीत अमादेउ दिव्यांची माळ मांडीवर घेऊन बसलेला. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

"अमादेउ!"

"काय झालं?"

"जा आणि तुझ्या बहिणीला घेऊन ये."

"फाँग, तुला माहितेय ना, त्यांच्यात आपण..."

"मग ऊठ आणि ढवळ."

"काय?"

"गादी ढवळ. हात थांबला तर बघ. आणि ते तेल बंद कर. मी जाते."

एप्रन अंगावर तसाच. दोन पोरांना बूट घातले, उलटसुलट कसले ते बघितलंही नाही, आणि निघाले. इर्माने तो गळका मोजा सोबत घेतला. मी नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायला लागणारी ताकदसुद्धा संपली होती.

ताई टेकडीच्या दुसऱ्या अंगाला राहतात. दगडी चढ, मग जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. तोमे दुसऱ्या मजल्यावर खाली बसला आणि म्हणाला की त्याचे पाय मेले. त्याला कडेवर घेतलं. वर पोचले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि मी तर तिथे खूप काही बोलायला गेले होते.

दार उघडलं ताईंनी. हाताला पीठ. आतून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिऱ्याचा वास असा आला की तोमे कडेवरून स्वतःच उतरला.

"फाँग?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "ताट नाही आणलंस?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. भिंतीशी खोक्यांची चळत, दोऱ्या बांधलेली. भिंतींवर फोटो होते तिथे नुसते पांढरे चौकोन. आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर उशा. ओळीने. ताज्या.

"तुम्ही उशा केल्यात?"

"दर वर्षी करते."

"दर वर्षी?"

"चोवीस तारखेला उशा करायच्या नाहीत तर काय करायचं? करते आणि वाट बघते. ताट येत नाही. तीन राजांच्या सणापर्यंत ठेवते, मग शेजाऱ्यांना वाटून टाकते."

मी दाराला टेकले. तिकडे ती म्हातारी गादी ढवळत उशीची वाट बघतेय, इकडे या उशा करून ताटाची वाट बघतायत, मध्ये एक चढ आणि चार मजले. आणि मी मूर्ख, दुकानातल्या उशा आणून रखवालदाराला गोड खाऊ घालतेय!

"अहो ताई, मग पाठवायच्या होत्या ना! त्या म्हणतात, दुखवटा संपला की पहिलं गोड बाहेरून घरात यायला लागतं. तुम्ही आणाल म्हणून बसल्यात त्या."

"बाहेरून," ताई म्हणाल्या.

"तशी रीत आहे म्हणे."

"रीत मला शिकवू नकोस, फाँग. मी त्या घरात जन्मलेय. पहिलं गोड बाहेरच्यांनी आणायचं असतं. शेजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी." त्यांनी हात एप्रनला पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "बाप माझाही गेला होता. दुखवटा माझ्याही घरात होता. मी इथे एकटी बसून काळे कपडे धूत होते. माझ्या घरात कोणी आणलं पहिलं गोड? मी बाहेरची कधी झाले, सांग ना मला."

माझ्याकडे राग भरपूर होता, तो कुठेतरी बाहेर पडायला हवाच होता.

"हे त्यांना सांगितलंत का?"

"असलं सांगायला लागतं का आईला?"

"लागतं! लागतं ताई! सगळ्यांना सगळं सांगायला लागतं! मला या घरात नऊ वर्षं झाली, मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही, मी सगळं बोलणी खाऊन शिकले! तुम्ही आता विमानात बसून जाल. त्या तिकडे येऊ शकत नाहीत, माहितेय ना? मग काय, फोटोला सांगणार?"

तेवढ्यात इर्मा माझ्या मागून पुढे झाली आणि तिने मोजा वर धरला.

"आत्या, बाळाला उशी नव्हती म्हणून मी केली. पण गळतेय."

ताईंनी मोजा घेतला. उलटा केला, सुलटा केला, शिवण बघितली. थट्टा नाही, काही नाही. स्वतःच्या हाताखालच्या बाईचं काम बघावं तसं.

"मध जास्त झालाय. आधी पावाचा चुरा घालायचा, तो मध पिऊन घेतो. मग गळत नाही."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"नाही ना," ताई म्हणाल्या आणि वळून पत्र्याचा एक डबा घेतला. उशा एकेक करून त्यात भरायला लागल्या. डबा इर्माच्या हातात दिला. "हे मी आजीला देत नाहीये. बाळाला देतेय. घरी जाऊन असंच सांग."

"तुम्ही चला ना," मी म्हणाले. "संध्याकाळी जेवायला तरी."

"ताट आलं असतं तर आले असते."

कपाळ माझं! मी पोरांना ओढत खाली उतरले. तोमेचा एक खिसा फुगलेला होता आणि तोंड हलत होतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी आले तर सासूबाई खोलीतून बाहेर आल्या होत्या. पळी त्यांच्या हातात, आणि अमादेउ स्टुलावर बसून दंड चोळत होता. इर्माने डबा ओट्यावर ठेवला आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "हे आजीला नाहीये. बाळाला आहे."

सासूबाईंनी झाकण उघडलं. वास आला. त्यांनी एकही उचलली नाही. माझ्या मागे दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.

"आणि ती?"

"कोण?"

"कोण म्हणजे? उशा काय चालत आल्या?"

"त्या घरीच आहेत. मी विचारलं, आल्या नाहीत. पण उशा दिल्या ना. तुम्हाला उशी हवी होती, घ्या, आली उशी."

"उशी घेऊन काय करू मी?" सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की तोमे टेबलाखाली गेला. "चावायला दात आहेत का माझ्या तोंडात? उशी हवी होती म्हणे! माझी पोरगी हवी होती मला! एवढा चढ चढून गेलीस, आणि माणूस ठेवून डबा घेऊन आलीस?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. सासू आहे, म्हातारी आहे, नाताळ आहे, सगळं विसरले.

"मग तसं म्हणायचं होतं! इतकी वर्षं उशी उशी करताय! ताट कपाटावर कोणी चढवलं? तुम्ही! पहिलं गोड बाहेरून यायला हवं कोण म्हणालं? तुम्ही! त्या काय म्हणाल्या ऐकायचंय? म्हणाल्या, बाप माझाही गेला होता. मी बाहेरची कधी झाले, असं विचारत होत्या. द्या उत्तर! मला तर देता आलं नाही!"

अमादेउ म्हणाला, "फाँग..."

"तू गप्प बस! तू तर बोलूच नकोस!"

सासूबाईंचा हात थांबला. पळी गादीत तशीच उभी. तळाला लागल्याचा वास यायला लागला तरी त्या हलल्या नाहीत. आयुष्यात कधी त्यांनी गादी लागू दिली नव्हती, आणि मलाही पुढे होऊन ढवळायचं धाडस झालं नाही.

"असं म्हणाली?"

"हो."

"असंच?"

"याच शब्दांत."

त्यांनी गॅस बंद केला. एप्रन सोडून खुर्चीवर टाकला. "माझे बूट आण."

"आई, चार मजले आहेत," अमादेउ म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टरला आई नसेल," त्या म्हणाल्या. "तू पोरांना खायला घाल."

पण पोरं मागे राहिली तर ना! इर्माला आत्याकडे पुन्हा जायचं होतं, आणि तोमेचे मेलेले पाय अचानक जिवंत झाले होते. निघालो. सासूबाई माझ्या दंडाला धरून, आणि वाटभर तोंड चालूच. चढाचे दगड पूर्वी असे नव्हते. माझ्या एप्रनवर डाग होते, लोक बघत होते. मी फार भरभर चालते. मी फार हळू चालते. इमारतीत प्रत्येक मजल्यावर त्या थांबायच्या, भिंतीला हात लावून श्वास घ्यायच्या, आणि मी काही बोलायला गेले की हाताने गप्प करायच्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे ओठ पांढरे पडले. हे सगळं माझ्याच अंगाशी येणार, हे मला दिसत होतं.

दार उघडलं. ताईंनी आईला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"आई? तू जिना चढून आलीस?"

"मग काय उडून आले?" सासूबाई आत गेल्या आणि पहिलं खोकं दिसलं त्याच्यावर बसल्या. बराच वेळ नुसता श्वास. ताईंनी पाणी दिलं, ते घेतलं. मग खोक्याच्या फटीतून आत बघत म्हणाल्या, "काय भरलंयस यात?"

"भांडी."

"उशा भाजायचा पत्रा?"

"तोही आहे."

"तिथे नारळ मिळतो?"

"डब्यातलं खोबरं मिळतं."

"डब्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि केल्यावर? न्यायला कोण येणार तिकडे?"

ताई खोक्याच्या दोरीची गाठ पुन्हा आवळायला लागल्या.

"मुलगा येईल?"

"त्याला त्या दिवशी कामावर जावं लागतं."

"सून?"

"तिला गोड चालत नाही, आई."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांनी ताईंकडे बघितलं नाही, स्वतःच्या बुटांकडे बघत बोलल्या. "बाहेरची तू आता होणार आहेस, नातेर्सिया. तेव्हा नव्हतीस. तेव्हा माझीच अक्कल गेली होती. तुझा बाप गेला आणि मला वाटलं, दुःख झालंय ते माझ्या एकटीलाच. तुझ्याकडे कोण गोड घेऊन गेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिथे बसून दाराकडे बघत राहिले, ही कशी येत नाही म्हणून."

सासूबाईंच्या तोंडून असलं काही येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला वाटलं आता ताई त्यांच्या गळ्यात पडतील आणि एकदाचं हे सगळं मिटेल. ताई पडल्या नाहीत. त्या समोरच्या खोक्यावर बसल्या.

"हे तू त्या वर्षी म्हणाली असतीस ना, आई," त्या म्हणाल्या, "तर मी घर विकलंच नसतं."

"विकलं? विकायला काढलंय ना?"

"विकलं. परवा सह्या झाल्या. किल्ल्या द्यायच्या राहिल्यात." त्यांचा आवाज चिरकला. "मला तिकडे जायचंय कुठे? इथे माझं कोणी उरलं नाही, असं वाटलं म्हणून चालले होते मी."

इर्मा एकदा आजीकडे, एकदा आत्याकडे बघत होती, आणि तिलासुद्धा कळलं की आता काही विचारायचं नाही.

मग सासूबाई उठायला गेल्या, त्यांना उठवेना. ताईंनी पटकन पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला. "चल," सासूबाई म्हणाल्या, "जेवायला चल. जेव तरी." ताईंनी खुंटीवरचा कोट घेतला. उरलेल्या उशा टेबलावर तशाच राहिल्या, कोणाच्या लक्षातही आल्या नाहीत.

त्या दोघी पुढे जिना उतरत होत्या, एकेक पायरी, एकमेकींना धरून. कोण कोणाला सांभाळतंय, सांगता येत नव्हतं. सासूबाई तेवढ्यातही म्हणत होत्या की कोटाचं बटण तुटलंय, आणि ताई म्हणत होत्या, "माहितेय, आई." मी मागून दोन पोरांचे हात धरून उतरत होते. मला त्यांचा इतका राग आला होता, इतका, की डोळ्यांपुढच्या पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. तोमेने वर बघून विचारलं, "आई, तू का रडतेस?" मी त्याला म्हटलं, "खाली बघून उतर."